परदेशात प्रसाविका म्हणून पात्रता आणि काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका देशात प्रशिक्षण आणि अनुभव घेऊन दुसऱ्या देशात नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रसाविकांसाठी (मिडवाइफसाठी), तसेच त्यांना कामावर घेणाऱ्या रुग्णालयांतील मार्गदर्शकांसाठी ही उत्तरे लिहिली आहेत. ब्रिटनची उदाहरणे त्यांत अधिक आहेत, कारण तेथील नोंदणीच्या पायऱ्या स्पष्टपणे ठरलेल्या आहेत आणि त्यांच्या आधाराने इतर देशांच्या पद्धती समजणे सोपे जाते. शुल्क आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशी संबंधित नोंदणी परिषदेच्या संकेतस्थळावरील मजकूरच अंतिम मानावा.

जगभर प्रसाविकांची इतकी टंचाई असताना अनुभवी प्रसाविकेला पुन्हा परीक्षा का द्यावी लागते?

टंचाई खरी आहे. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघ यांच्या २०२१ च्या अहवालात जगात सुमारे ९ लाख प्रसाविका कमी असल्याचा अंदाज दिलेला आहे. पण नोंदणी परिषद ही प्रसाविकेची नोकरी सोयीची व्हावी म्हणून नव्हे, तर गर्भवती स्त्री आणि बाळ यांच्या सुरक्षिततेसाठी असते. प्रसाविका या एकाच पदनामाखाली वेगवेगळ्या देशांत फार वेगवेगळी कामे केली जातात. कुठे ती पहिल्या तपासणीपासून प्रसूतीनंतरच्या काही आठवड्यांपर्यंतची सगळी काळजी स्वतःच्या जबाबदारीवर घेते, तर कुठे तिला प्रसूतिकक्षात डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणेच काम करावे लागते. परीक्षेत हा फरक तपासला जातो. आपल्या हातातील कौशल्यावर अविश्वास दाखवला जात आहे, असे त्यातून वाटून घेऊ नये.

माझे शिक्षण परिचर्या आणि प्रसूतिविद्या असे जोड आहे. मला प्रसाविका म्हणून नोंदणी मिळेल का?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत, म्हणून याचे उत्तर सविस्तर देणे आवश्यक आहे. अनेक देशांत एकाच अभ्यासक्रमातून परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंदणी मिळते. परंतु ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि कॅनडा या देशांत प्रसाविका हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याची नोंद वेगळी होते आणि ती मिळवण्यासाठी त्या व्यवसायापुरती पात्रता वेगळी सिद्ध करावी लागते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे, म्हणजे एनएमसीकडे, परिचारिका म्हणून नोंद झाली तरी प्रसूतिविभागात प्रसाविकेचे काम करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. दोन्ही नोंदी हव्या असतील तर दोन्हींसाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते.

आंतरराष्ट्रीय प्रसाविका महासंघाच्या शिक्षणविषयक निकषांनुसार थेट प्रवेशाचा अभ्यासक्रम किमान ३ वर्षांचा आणि परिचारिका झाल्यानंतरचा किमान १८ महिन्यांचा असावा. जोड अभ्यासक्रमात प्रसूतिविद्येला यापेक्षा बराच कमी वेळ मिळालेला असू शकतो आणि अडचण बहुधा येथेच उभी राहते. म्हणून अर्जाचे शुल्क भरण्यापूर्वी आपल्या अभ्यासक्रमात प्रसूतिविद्येचे सिद्धान्ताचे आणि प्रत्यक्ष कामाचे तास किती होते, आपण स्वतः किती प्रसूती केल्या आणि प्रसूतिपूर्व व प्रसूतीनंतरच्या किती तपासण्या केल्या, हे लेखी मिळवावे. तुलनेसाठी एक मोजमाप उपयोगी पडेल. युरोपीय संघाच्या २००५ च्या व्यावसायिक पात्रताविषयक निर्देशानुसार प्रशिक्षणकाळात विद्यार्थिनीने गर्भवतींच्या किमान १०० तपासण्या आणि किमान ४० प्रसूती स्वतः केलेल्या असाव्यात. पुरेशा प्रसूती उपलब्ध नसतील तर ही संख्या ३० पर्यंत कमी करता येते, मात्र तेव्हा आणखी २० प्रसूतींमध्ये तिने साहाय्य केलेले असावे लागते.

आपला अनुभव प्रामुख्याने परिचर्येचा असेल आणि प्रसूतिकक्षातील काम जुने किंवा थोडेच असेल, तर आधी परिचारिका म्हणून नोंदणी करून नंतर प्रसूतिविद्येचा लघुकालीन अभ्यासक्रम करणे हा मार्ग अधिक प्रामाणिक आणि बहुधा अधिक यशस्वी ठरतो. त्यात वेळ जास्त जातो, पण नंतर निभावणार नाही अशी जबाबदारी अंगावर येत नाही.

देश निवडताना काय पाहावे?

पगाराच्या आकड्यापेक्षा प्रसाविकेची भूमिका आधी पाहावी. न्यूझीलंडमध्ये १९९० च्या कायद्याने प्रसाविकेला स्वतंत्रपणे काम करण्याचा अधिकार मिळाला. तेथे बहुसंख्य स्त्रिया एखाद्या प्रसाविकेला आपली मुख्य काळजीवाहक म्हणून निवडतात आणि प्रसाविका औषधेही लिहून देते. त्यामुळे बाहेरून येणाऱ्या प्रसाविकांसाठी मिडवाइफरी कौन्सिलने विशेष क्षमता कार्यक्रम ठेवला आहे आणि त्यात तेथील मूळनिवासी माओरी समाजाशी सांस्कृतिक जाणिवेने वागण्याच्या शिक्षणालाही स्थान आहे. कॅनडात नोंदणी प्रांतनिहाय असते. ऑन्टारिओ प्रांताने १९९४ पासून या व्यवसायाला नियमित स्थान दिले. तेथील प्रसाविका रुग्णालयात आणि स्त्रीच्या घरी, अशा दोन्ही ठिकाणी प्रसूती करते, त्यामुळे घरी प्रसूती करण्याची मनाची तयारी नसेल तर तो देश आपल्यासाठी नाही. कॅनडात एक राष्ट्रीय नोंदणी परीक्षा असते, आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने परदेशी प्रशिक्षित प्रसाविकांसाठी पूरक अभ्यासक्रम चालवला आहे.

ऑस्ट्रेलियात २०१० पासून संपूर्ण देशाची एकच नोंदणी व्यवस्था आहे. तेथे अर्जदाराने आधी स्वतःची माहिती ऑनलाइन भरून आपला मार्ग कोणता हे तपासायचे असते. जर्मनीत २०२० च्या कायद्याने प्रसाविकेचे शिक्षण विद्यापीठीय झाले, आणि प्रसूतीच्या वेळी प्रसाविकेला बोलावले जाईल हे पाहण्याचे बंधन डॉक्टरांवर आहे. शिक्षणात तफावत आढळल्यास तेथे ज्ञानपरीक्षा किंवा समायोजन प्रशिक्षण असे पर्याय मिळतात, मात्र जर्मन भाषेवर प्रभुत्व असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत परिचारिका प्रसाविका होण्यासाठी तेथील मान्यताप्राप्त संस्थेची पदव्युत्तर पदवी लागते, त्यामुळे परदेशी शिक्षणावर थेट नोंदणी मिळण्याची आशा धरून तेथे जाऊ नये.

कागदपत्रांत सर्वाधिक वेळ कशात जातो?

स्वदेशातील नोंदणी परिषदेने आपली नोंदणी वैध असल्याची पडताळणी थेट परदेशी परिषदेला कळवायची असते, आणि तेथेच अर्ज महिनोन्‌महिने अडकू शकतात. ही मागणी सगळ्यात आधी करावी. पासपोर्ट, पदवी आणि नोंदणी प्रमाणपत्र यांवरील नाव अक्षरशः सारखे असावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास त्याचा कायदेशीर पुरावा जोडावा. पोलिसांकडील चारित्र्य प्रमाणपत्राची मुदत मर्यादित असते, म्हणून ते फार लवकर काढू नये.

भाषेच्या परीक्षेत किती गुण लागतात?

एनएमसी आयईएलटीएस अकॅडमिक आणि ओईटी या इंग्रजीच्या दोन परीक्षा स्वीकारते. आयईएलटीएसमध्ये वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी किमान ७ आणि लेखनात ६.५ गुण हवे असतात. ओईटीमध्ये पहिल्या तिन्ही कौशल्यांत बी आणि लेखनात सी प्लस ही श्रेणी लागते. २०२३ मध्ये नियम काहीसे सैल झाले. तेव्हापासून १२ महिन्यांच्या आत दिलेल्या दोन परीक्षांचे गुण, विशिष्ट किमान पातळी सांभाळून, एकत्र धरता येतात.

दोन्ही परीक्षा उपलब्ध असतील तर प्रसाविकेने ओईटीचा विचार आवर्जून करावा. तिच्यातील संभाषण आणि लेखन आरोग्यसेवेच्या प्रसंगांवर बेतलेले असते, त्यामुळे तयारीत घातलेला वेळ पुढे कामाच्या ठिकाणीही उपयोगी पडतो. मात्र परीक्षेची भाषा वेगळी आणि प्रसूतिकक्षातील भाषा वेगळी. कळा सोसणारी स्त्री व्याकरणशुद्ध वाक्यांत बोलत नाही आणि स्थानिक बोलीतील उच्चार पुस्तकातून कानावर पडत नाहीत. परीक्षा उत्तीर्ण झाल्यानंतरही सुरुवातीचे काही महिने दूरध्वनीवरील बोलणे सर्वांत अवघड जाते. मार्गदर्शकांनी ही अडचण अपुऱ्या ज्ञानाचे लक्षण मानू नये.

ब्रिटनची पात्रता परीक्षा नेमकी कशी असते?

तिचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा संगणकावरील परीक्षेचा असून ती बहुतेक देशांत देता येते. तिच्या पहिल्या भागात औषधमात्रा आणि द्रवमापन यांवरील १५ गणिती प्रश्न असतात, तर दुसऱ्या भागात व्यवसायज्ञानाचे १०० बहुपर्यायी प्रश्न असतात. दुसरा टप्पा म्हणजे ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा, आणि ती ब्रिटनमधील ठरावीक केंद्रांवरच होते.

ओस्कीमध्ये १० स्थानके, म्हणजे एकेक काम करून दाखवण्याची ठिकाणे, असतात. त्यांतील ४ स्थानके एकाच स्त्रीच्या काळजीभोवती गुंफलेली असून त्यांत मूल्यांकन, नियोजन, अंमलबजावणी आणि फेरमूल्यांकन असा क्रम असतो. आणखी ४ स्थानकांवर प्रत्यक्ष कौशल्ये तपासली जातात, आणि उरलेल्या २ स्थानकांवर व्यावसायिक मूल्ये आणि पुराव्याधिष्ठित निर्णय यांवर लेखी उत्तरे द्यायची असतात. अनुभवी प्रसाविका येथे अनेकदा अशा गोष्टींत मागे पडतात, ज्या त्या रोज सहजपणे करतात पण बोलून दाखवत नाहीत. हात धुणे, स्वतःची ओळख करून देणे, स्त्रीची ओळख पडताळणे, तपासणीपूर्वी परवानगी घेणे, ॲलर्जी विचारणे आणि केलेल्या प्रत्येक कृतीची वेळेसह नोंद करणे या गोष्टींना परीक्षेत गुण असतात. म्हणून सराव मोठ्याने बोलत करावा आणि शक्य असल्यास मार्गदर्शकासमोर घड्याळ लावून करावा.

परीक्षेत अपयश आले तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही जातात का?

लगेच जात नाहीत. एका अर्जावर ओस्कीसाठी एकूण ३ प्रयत्न मिळतात. पहिल्या प्रयत्नात राहिलेल्या स्थानकांचीच परीक्षा पुन्हा द्यावी लागण्याची सोय असल्याने, निकाल शांतपणे वाचून नेमके कोठे राहिले हे पाहावे. तिन्ही प्रयत्न अयशस्वी झाले तर पुन्हा नव्याने अर्ज करण्यापूर्वी ६ महिने थांबावे लागते. व्हिसाच्या नियमांत परीक्षा देण्याची आणि नोंदणी मिळवण्याची मुदत असते, त्यामुळे तिसऱ्या प्रयत्नात अपयश आल्यास काय होईल, हे नियोक्त्याकडून करारावर सही करण्यापूर्वीच लेखी घ्यावे. तोंडी दिलासा अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मी अनेक वर्षे प्रसूती केल्या आहेत. तेथे गेल्यावर माझ्या कामात खरोखर काय बदलेल?

परीक्षा एका दिवसात संपते. कामाची सवय बदलायला मात्र कितीतरी महिने लागतात, आणि आधाराची खरी गरज त्या काळात असते.

पहिला बदल निर्णयाच्या अधिकाराचा आहे. ब्रिटनमध्ये गुंतागुंत नसलेली प्रसूती ही प्रसाविकेची जबाबदारी असते. डॉक्टरांना कधी बोलवायचे हे तिने ओळखायचे असते, आणि वेळेवर न बोलावल्याचा जाबही तिलाच विचारला जातो. जिथे प्रत्येक पावलाला डॉक्टरांची सूचना लागत होती, तिथून आलेल्या प्रसाविकेला हे स्वातंत्र्य सुरुवातीला ओझ्यासारखे वाटते. उलट, जिथे डॉक्टर उपलब्धच नव्हते आणि पायाळू प्रसूतीसुद्धा एकटीने करावी लागत होती, तिथून आलेल्या प्रसाविकेला येथे मदत मागण्याची सवय लावून घ्यावी लागते. दोघींची गरज वेगळी आहे, म्हणून सर्वांना एकच प्रशिक्षण देऊन भागत नाही.

दुसरा बदल स्त्रीच्या संमतीविषयीचा आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माँटगोमेरी खटल्यात दिलेला निकाल प्रत्येक नवागत प्रसाविकेने समजून घ्यावा. नडीन माँटगोमेरी यांना मधुमेह होता, आणि योनीमार्गे प्रसूतीत बाळाचे खांदे अडकण्याचा सुमारे ९ ते १० टक्के धोका त्यांना सांगितला गेला नव्हता. १९९९ मध्ये झालेल्या प्रसूतीत खांदे अडकले आणि बाळाला गंभीर इजा झाली. त्या विशिष्ट स्त्रीला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि त्यावरील वाजवी पर्याय तिला सांगणे हे आरोग्यसेवकाचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. त्यामुळे स्त्री सल्ला नाकारते, प्रसूती सुरू करण्याची औषधे नको म्हणते किंवा घरीच बाळंत व्हायचे ठरवते, तेव्हा तिला दटावणे किंवा घाबरवणे हा पर्याय उरत नाही. तिला नीट माहिती द्यायची, तिचा निर्णय तिच्या शब्दांत नोंदवायचा आणि त्या निर्णयाच्या चौकटीत शक्य तितकी सुरक्षित काळजी घ्यायची, हे प्रसाविकेचे काम आहे. माझ्या मते परदेशी प्रशिक्षित प्रसाविकेच्या शिक्षणातील हा सर्वांत मोलाचा भाग आहे, आणि त्याला सर्वांत कमी वेळ दिला जातो.

तिसरा बदल स्त्रीच्या संरक्षणाशी निगडित आहे. गर्भवतीला एकांतात भेटून घरातील छळाविषयी विचारणे, तिच्या मानसिक आरोग्याची चौकशी करणे आणि बाळाच्या सुरक्षिततेविषयी शंका आल्यास ती कळवणे ही नेहमीची कामे आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत स्त्री जननेंद्रिय विच्छेदन झाल्याचे कामात आढळल्यास पोलिसांना कळवणे ऑक्टोबर २०१५ पासून बंधनकारक आहे. जिथे घरच्या गोष्टी घरातच ठेवण्याची रीत आहे, तिथून आलेल्या प्रसाविकेला हे प्रश्न विचारणे सुरुवातीला अवघड वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. अनुभवी सहकारी हे प्रश्न कसे विचारते, हे दोन-चार वेळा प्रत्यक्ष ऐकल्यावर जीभ सैल होते.

नवागत प्रसाविकेला रुग्णालयाने कोणता आधार द्यावा?

स्वागताची पिशवी आणि विमानतळावरून गाडी यांची सोय चांगली आहे, पण आधार तेवढ्यावर थांबत असेल तर त्याला आधार म्हणता येत नाही. ओस्कीच्या तयारीसाठी पगारी वेळ मिळायला हवा. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने तयारी करायला लावणे अन्यायाचे आहे. नोंदणी मिळाल्यानंतर पहिले काही आठवडे तिला मनुष्यबळाच्या गणतीबाहेर ठेवावे, म्हणजे वॉर्डात एक प्रसाविका कमी आहे म्हणून तिला एकटीवर सोडून दिले जाणार नाही. प्रसूतिपूर्व विभाग, प्रसूतिकक्ष, प्रसूतीनंतरचा विभाग आणि समाजातील गृहभेटी या चारही ठिकाणी तिला फिरवावे, कारण गृहभेटींचा अनुभव अनेकींना मुळातच नसतो.

प्रत्येकीसाठी एक ठरलेली मार्गदर्शक हवी, आणि त्या मार्गदर्शकेलाही त्यासाठी कामातून वेळ मोकळा करून द्यावा. हे काम चांगुलपणावर सोडले की पहिल्या गर्दीच्या पाळीतच ते मागे पडते. चूक झाल्यास परदेशी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर अधिक कठोर कारवाई होत नाही ना, याकडे व्यवस्थापनाने आकडेवारी ठेवून लक्ष द्यावे. रॉयल कॉलेज ऑफ मिडवाइव्ह्‌ज या प्रसाविकांच्या संघटनेचे सदस्यत्व घेण्याची माहितीही पहिल्याच आठवड्यात द्यावी.

एजंटने शुल्क मागितले तर द्यावे का?

देऊ नये. कामगाराकडून भरतीचे शुल्क घेतले जाऊ नये, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे न्याय्य भरतीविषयक तत्त्व सांगते, आणि ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयक आचारसंहितेचेही तेच म्हणणे आहे. ही संहिता पाळणाऱ्या एजन्सींची यादी एनएचएस एम्प्लॉयर्स ही ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील (एनएचएस) नियोक्त्यांची संस्था प्रसिद्ध करते. करारात मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास खर्च परत करण्याचे कलम असू शकते. त्या कलमात कोणता खर्च धरला आहे आणि कालांतराने ती रक्कम घटत जाते का, हे पाहावे. आकडा न लिहिलेल्या कलमावर सही करू नये.

माझ्या देशातच प्रसाविका कमी आहेत. मी जाणे योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्या प्रसाविकेविषयी मनात आदर वाटतो, आणि त्याचे उत्तर तिच्यावर अपराधाची भावना लादून देऊ नये. जागतिक आरोग्य सभेने मे २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता स्वीकारली. आरोग्य कर्मचाऱ्यांची तीव्र टंचाई असलेल्या देशांच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या यादीत ५५ देश असून नायजेरिया, घाना आणि झिम्बाब्वे यांचा त्यांत समावेश आहे. या देशांत जाऊन कर्मचारी खेचून आणण्याची मोहीम श्रीमंत देशांनी राबवू नये, अशी अपेक्षा या यादीमागे आहे. ही अपेक्षा भरती करणाऱ्यांकडून आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःहून अर्ज करण्याचा अधिकार त्यामुळे जात नाही. जबाबदारी शासनांची आणि रुग्णालयांची आहे, आणि ती एकेकट्या स्त्रीच्या खांद्यावर टाकणे चुकीचे आहे.

नोंदणी होईपर्यंत पद आणि पगार काय असतो?

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत ओस्की उत्तीर्ण होऊन नोंदणी होईपर्यंत साधारणपणे बँड (वेतनस्तर) ३ किंवा ४ चे साहाय्यक पद दिले जाते. नोंदणीनंतर बँड ५ आणि मार्गदर्शनाचा काळ पूर्ण झाल्यावर बँड ६ अशी नेहमीची वाटचाल असते. पूर्वीचा अनुभव वेतनश्रेणीत धरला जाईल का, हे मुलाखतीतच विचारावे, कारण नंतर ते दुरुस्त करून घेणे कठीण जाते.

एकदा मिळालेली नोंदणी कायम राहते का?

राहत नाही. एनएमसीकडे दरवर्षी शुल्क भरावे लागते आणि दर ३ वर्षांनी पुनर्वैधता सिद्ध करावी लागते. त्यासाठी ४५० तास प्रत्यक्ष काम, ३५ तास व्यावसायिक शिक्षण, कामाविषयीचे ५ अभिप्राय आणि स्वतःच्या कामावरील ५ चिंतनपर टिपणे लागतात. शिक्षणाच्या तासांपैकी २० तास इतरांसोबत सहभागाने घेतलेले असावेत. परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी नोंद टिकवायची असेल तर कामाचे तास ९०० होतात. टिपणांत आई किंवा बाळ ओळखू येईल असा कोणताही तपशील लिहू नये. ही टिपणे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आठवून लिहिण्याऐवजी पहिल्या वर्षापासूनच, प्रसंग ताजा असताना लिहून ठेवावीत.